वखारीचा नकाशा

आधी वारा पाहिला.
अल धैदच्या अलीकडे, कुंपणाच्या तारेला
एक फाटकी पिशवी बांधून
तीन दिवस नुसता वारा.
शमाल वायव्येकडून येतो,
म्हणजे करवत आग्नेयेच्या कोपऱ्यात,
भुसा थेट कुंपणापार,
आणि माणूस वाऱ्याकडे पाठ करून.

मग फक्कीची गोणी फोडली.
खो-खोचं मैदान आखावं तशा
खडीवर रेघा मारल्या:
इथे कंटेनर रिकामा होईल, इथे ओंडके,
इथे करवत, इथे फोडायचं यंत्र,
इथे जाळीच्या पिशव्या, इथे फाटक.
सैफ बिन खल्फानने काच अर्धी खाली करून विचारलं,
यात हुशारी ती काय?

काय सांगणार.
बाबा बल्लारशाच्या डेपोत मोजणीदार होते,
सागाच्या बुंध्यावर हातोड्याने शिक्का मारायचे.
म्हणायचे, एकदा उचललेलं लाकूड
पुन्हा भुईला टेकवू नये,
टेकवलंस की मजुरी भुईला दिलीस.

इथे सात वेळा टेकत होतं.
मी मोजलं.
कंटेनरमधून खाली, खालून थप्पीला,
थप्पीतून मोफिजुलच्या खांद्यावर,
खांद्यावरून करवतीपाशी, पुन्हा खाली,
पुढचं सांगत बसत नाही.
आता दोनदाच टेकतं.

टेबल कमरेइतकं हवं. कोणाच्या कमरेइतकं?
गुल जरीन सहा फुटांच्या वर,
मोफिजुल माझ्या खांद्याला.
टेबल गुल जरीनच्या मापाचं केलं,
मोफिजुलसाठी पॅलेट उलटं ठेवलं पायाखाली.

लाकूड कुठलं कुठलं येतं.
गाफला हात लावायचा नाही, तो उभाच राहायचा.
बाभळीच्या जातीचं समर बोटीतून,
ओक कुठल्याशा थंड मुलखातला,
आतून अजून ओला.
ओलावा मोजायच्या यंत्राला दोन सुया असतात.
मोफिजुलने एकदा त्या तळहातावर टेकवल्या,
आकडा थेट टोकाला.
“तू ओला आहेस रे,” शाजी म्हणाला, “तुझा माल विकायचा नाही.”
आम्ही चौघेही हसलो, यंत्र बंद होईस्तोवर.

डिसेंबरात थंडी पडली.
शुक्रवारी दुपारनंतर गाड्यांची रांग,
तंबू, मुलं, कॉफीचे थर्मास.
गेल्या साली दिवसाला चारशे पिशव्या,
आता अकराशे, तेही मगरीबच्या आधी.
सैफ या वेळी गाडीतून उतरला.
रेघांवरून चालत आला, खजूर पुढे केला,
म्हणाला, पावलं किती वाचवलीस?
रोजची नऊ हजार, मी म्हणालो.
अभिमानाने म्हणालो.
तो हिशेब करत राहिला, खजुराची बी तोंडात घोळवत,
मग विचारलं,
कोणाची?

महिनाअखेरीस मोफिजुलला
सैफच्या भावाच्या खजुरीच्या बागेवर धाडलं.
पगार तोच. झाडं उंच.
जाताना त्याने पॅलेट सुलटं करून
बाकीच्या पॅलेटांच्या थप्पीत ठेवलं, काठाला काठ लावून.
मी फोनमध्ये पाहत होतो.

जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला.
खडीखालची वाळू मऊ पडली,
लोडर माझ्या रेघांमधून जाताना
मागचं चाक अर्धं रुतलं.
गुल जरीन शिव्या देत फळ्या सरकवत होता.
संध्याकाळी एकटाच फिरलो, टाचेने जमीन दाबत.
सगळीकडे टाच आत जात होती,
फक्त जुन्या थप्पीपासून करवतीच्या जुन्या जागेपर्यंत
एक पट्टा होता, दीड हात रुंद, किंचित वाकडा,
जिथे टाच वाजत होती.

सकाळी फक्कीची उरलेली गोणी आणली.
लोडरचा रस्ता पुन्हा आखला,
एक चाक त्या पट्ट्यावर येईल असा.
वाकडा होता तिथे
मीही रेघ वाकडी मारली.